मराठी टंकायला इंग्रजी स्पेलिंग कशाला?

परवा बँकॉकला नोकरीला असलेल्या पुतण्याने त्याच्या ऑफिसातल्या कीबोर्डचा फोटो पाठवला. प्रत्येक बटणावर इंग्रजी अक्षर आणि त्याशेजारी छापलेलं थाई अक्षर. थाई लिपीत ४४ व्यंजनं, वर स्वरांच्या आणि सुरांच्या खुणा. एवढा पसारा त्यांनी नेहमीच्याच कीबोर्डवर बसवलाय. त्यांचा नमस्काराचा शब्दसुद्धा आपल्या 'स्वस्ति'वरून आलेला, पण तो लिहायला तिथला कारकून इंग्रजी स्पेलिंग जुळवत बसत नाही.

मी तडक बर्डीवर गेलो आणि एका दुकानात देवनागरी अक्षरांचा कीबोर्ड मागितला. पोरगा हसला. "काकाजी, मराठीचा कीबोर्ड कोन घेते? इंग्लिशमधी टाका ना, मराठी आपोआप होते."

हे 'आपोआप होते' ऐकलं की माझं डोकं उठतं.

मंडळी, बरहा आणि गमभन यांचे उपकार मी विसरलेलो नाही. जालावर आपण चार लोक मराठीत लिहू लागलो ते त्यांच्यामुळेच. पण पाय धड असताना जन्मभर कुबडी कशासाठी? इनस्क्रिप्ट तर त्याच्याही आधीचा. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तो १९८६ साली ठरवला, १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात तो आला. विंडोजमध्ये आहे, लिनक्समध्ये आहे, फुकट आहे. आणि तो शिकवतो कोण? कुणीच नाही!

मी २०१९ मध्ये शिकलो. त्याची रचना ध्यानात आली तेव्हा शाळेत असताना हे हाती का नव्हतं याची हळहळ वाटली. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. मधल्या ओळीत प, क, त, च, ट आणि बरोबर त्यांच्या डोक्यावरच्या बटणांवर ब, ग, द, ज, ड. क चं बटण शिफ्टसह दाबलं की ख, ग चं दाबलं की घ. आपली वर्णमालाच की ही! आणि डावीकडे पाहा : खाली पहिली वेलांटी, तिच्या वर दुसरी, खाली पहिला उकार, त्याच्या वर दुसरा. ह्रस्व खाली, दीर्घ वर. वह्यांमध्ये लाल शाईने वेलांट्या सुधारण्यात माझी उमर गेली, त्यामुळे ही जागा मला फार आवडते. इथे ह्रस्व की दीर्घ हे बोटाला स्वतः ठरवावं लागतं.

माझं भांडण इथेच आहे. इंग्रजी अक्षरांतून टंकताना हे ठरवणं बंद पडतं. यंत्र चार शब्द पुढे करतं, आपण पहिल्यावर टिचकी मारतो. 'आचार्यास' हवं होतं की 'आचाऱ्यास', गुरूला की स्वयंपाक्याला, याचा विचार कोण करतो? इनस्क्रिप्टवर तो अर्ध्या र चा फरक हाताने करावा लागतो : र चंच बटण शिफ्टसह दाबून, मग हलन्त, मग य.

कोणी म्हणेल, जपानी आणि चिनी लोकही रोमन अक्षरांतूनच टंकतात. टंकतात, कारण त्यांच्याकडे हजारो चिन्हं आहेत. आपल्याकडे पन्नासेक. आपल्याला ही सबब चालायची नाही.

कठीण आहे का? आहे थोडं. च, ज, ट, ड, य ही सगळी उजव्या करंगळीच्या वाट्याला आली आहेत, ती पहिला पंधरवडा ठणकत होती. पण 'मराठी ३०'च्या परीक्षेसाठी टायपिंग क्लासात महिनोन्‌महिने खटखट करणाऱ्या पोरापोरींना कोणी कठीण आहे म्हणून घरी बसवलं नाही, त्यावर नोकरी मिळायची ना! नागपूरकराला तर इथे दुहेरी फायदा आहे. हिंदीलाही हाच कीबोर्ड. बंगाली, तेलुगूलाही क च्या जागी क च. पाचवीच्या संगणकाच्या तासात आठवड्यातली वीस मिनिटं याला दिली तर काय बिघडेल? चित्रं रंगवण्यात तेवढी जातातच.

असो. माझी नात मला इंग्रजी अक्षरांतून मराठी निरोप पाठवते. त्यात 'कधी' आणि 'कढी' एकसारखेच दिसतात. "आजोबा, कढी येताय?" असं मी मुद्दाम मोठ्याने वाचतो, ती चिडते. दिवाळीत ती आली तेव्हा मी कागदाची बारीक अक्षरं कापून, सेलोटेप लावून तिच्या लॅपटॉपवर चिकटवली. तिची आई म्हणाली, "बाबा, महागाचा आहे हो तो!"

गेल्या रविवारी तिचा देवनागरीत निरोप आला : "आजोबा ल सापडला, दुसरा कुठे आहे?"

मी कळवलं, त्याच बटणावर ळ आहे, शिफ्ट दाब.