युनिटाचें मोल

"एका युनिटाचे ज्यूल किती?" असें विचारतांच आमच्या वर्गांतील मुलें "छत्तीस लक्ष" असें तत्काळ सांगतात. उत्तर बरोबर, परंतु छत्तीस लक्ष ज्यूल म्हणजे किती काम, हें सांगणारा विरळा. आमच्या मतें हें रूपांतर नव्हे, केवळ पाठांतर होय.

इंग्लंडांतील जेम्स ज्यूल यांनीं १८४५ सालीं पडत्या वजनांच्या जोरावर पाणी घुसळून तें तापविलें आणि श्रम व उष्णता यांचें नातें मोजून दाखविलें. एक कॅलरी म्हणजे सुमारें ४.१८ ज्यूल, हा आंकडा त्याच नात्याचा.

आतां आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतील विहिरीकडे पाहूं. दहा मीटर खोलीवरून दहा लिटर पाणी ओढण्यास सुमारें ९८० ज्यूल लागतात. म्हणजे, घर्षण सोडल्यास, एका युनिटांत अशा सुमारें ३,६७० बादल्यांचे श्रम आहेत! शंभर वॅटचा दिवा दहा तास निष्कारण जळाला, तर एवढे श्रम वायां गेले. डोक्यावर घागर वाहणाऱ्या माउलीस त्यांचें मोल विचारावें.

पालकांस आमची विनंति कीं, विजेचें बिल मुलांच्या हातीं द्यावें व त्यांतील युनिटांच्या बादल्या करावयास सांगावें. मग दिवा मालविण्यास उपदेश लागणार नाहीं.