कुंपणाने शेत राखावे

९ ऑगस्ट २०२५ रोजी, ऐन रक्षाबंधनाच्या दिवशी, नागपूर-जबलपूर महामार्गावर ट्रकच्या धडकेने एक स्त्री मृत्युमुखी पडली. मदतीस कोणी थांबेना, म्हणून तिच्या पतीला तिचे शव दुचाकीला बांधून न्यावे लागले. ते दृश्य पाहून सारा देश हळहळला. ट्रकचा क्रमांक ठाऊक नव्हता. त्यावर तांबड्या खुणा होत्या, एवढेच सांगता येत होते. तरीही टोलनाक्यांवरील कॅमेऱ्यांची चित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तपासून नागपूर ग्रामीण पोलिसांनी सुमारे ३६ तासांत तो ट्रक हुडकून काढला. माणुसकी आटली असता यंत्र कामास आले, याबद्दल पोलिसांचे अभिनंदन करण्यात कोणी हात आखडता घेऊ नये.

हे यश ज्या ‘मार्व्हल’ या शासकीय कंपनीच्या खाती जमा झाले, ती २०२४ मध्ये नागपुरातच स्थापन झाली. पोलिसांसाठी अशी स्वतंत्र संस्था काढण्याचा मान महाराष्ट्राला मिळाला. पुढे ‘महाक्राइमओएस’ ही तपासास साह्य करणारी प्रणाली नागपुरातील २३ पोलीस ठाण्यांत चालवून पाहण्यात आली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये ती राज्यातील सर्व ११०० ठाण्यांत नेण्याचा मनोदय शासनाने जाहीर केला. म्हणजे नागपूरचा प्रयोग आता महाराष्ट्राचा शिरस्ता होणार. म्हणूनच एक प्रश्न वेळीच विचारला पाहिजे.

एक ट्रक शोधायचा तर नाक्यावरून गेलेली सारी वाहने तपासावी लागतात. गुन्हेगाराला पाहणारा डोळा निरपराध्यालाही पाहतोच. आज वाहनाची खूण शोधणारे यंत्र उद्या माणसाचा चेहरा शोधू लागले तर? हिवाळी अधिवेशनात टेकडी रस्त्यावर आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर मोर्चे अडवले जातात. त्यांत विनाअनुदानित शाळांतले शिक्षक असतात, जुनी पेन्शन मागणारे कारकून असतात, परीक्षांच्या घोळाने गांजलेले विद्यार्थी असतात. त्यांचे चेहरे टिपून, नावांशी जुळवून, वर्षानुवर्षे जपून ठेवले जाणार नाहीत, याची हमी कोणत्या कायद्याने दिली आहे?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. त्या पीठावर नागपूरचे सुपुत्र न्या. शरद बोबडे होते, आणि त्यांनी आपले स्वतंत्र निकालपत्रही लिहिले. या हक्कावर मर्यादा घालायची तर तीस कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, अशी कसोटी त्या निकालातून सिद्ध झाली. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा केंद्रीय अधिनियम झाला; त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. परंतु गुन्ह्याचा प्रतिबंध व तपास यांसाठी होणाऱ्या माहितीच्या वापराला त्याच अधिनियमाने बहुतेक बंधनांतून सूट दिली आहे. शिवाय सुरक्षितता वा सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कारणास्तव केंद्र सरकार एखाद्या शासकीय यंत्रणेला त्याच्या कक्षेबाहेरच ठेवू शकते. दुकानदारापासून संरक्षण आणि दंडसत्तेपुढे मात्र उघडा, अशी नागरिकाची अवस्था त्यामुळे होते.

यंत्र चुकत नाही, हा समजही भाबडा आहे. ते निवाडा देत नाही, संभाव्यता सांगते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमानुसार संगणकीय पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याने नोंदीत फेरफार झालेला नाही एवढे दाखवता येईल. त्या नोंदीवरून यंत्राने काढलेले अनुमान बरोबर आहे, हे सिद्ध होत नाही. साक्षीदाराची उलटतपासणी करता येते; यंत्राची कोण करणार?

कोणी म्हणेल, ज्याने पाप केले नाही त्याने का भ्यावे? घराला दार असते ते आत चोरीचा माल असतो म्हणून नव्हे. यंत्रे बंद करा, असे कोणाचेही म्हणणे नाही. विधिमंडळाने या साधनांच्या वापरासाठी स्वतंत्र कायदा करावा. निरपराध्यांची माहिती किती दिवसांनी पुसायची, हे त्यात स्पष्ट लिहावे. कोणी, कधी, कशासाठी माहिती पाहिली याची नोंद ठेवावी. केवळ यंत्राच्या इशाऱ्यावर अटक होऊ नये. आणि स्वतंत्र तपासनिसाचा वार्षिक अहवाल सभागृहापुढे यावा. यामुळे पोलिसांचे हात बांधले जाणार नाहीत. उलट त्यांच्या पुराव्याला न्यायालयात वजन येईल.

नागपुरात विधिमंडळ दरवर्षी भरते. ज्या शहरात हा प्रयोग जन्मला, त्याच शहरात त्याला मर्यादा घालणारा कायदा व्हावा, हे उचितच होईल. कुंपण मजबूत हवे, यात वाद नाही. पण कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागायची, याचे उत्तर कुंपण घालतानाच द्यावे लागते.