तोफेचा नेम आणि कुंकवाचे मोल

आमचे केम हे कुंकवाचे गाव. करमाळा तालुक्यातल्या या गावात हळदीपासून तयार होणारे कुंकू दूरदूरच्या देवस्थानांच्या बाजारात जाते. १९९९ च्या जूनमध्ये इथल्या कुंकवाच्या शेडमध्ये बातम्यांची वेळ झाली, की चाळण फिरवणारे हात थांबत. कारगिलचे युद्ध चालू होते आणि चाळणाऱ्या बायांपैकी एका मावशींचा मुलगा पायदळात होता. एके दिवशी त्यांनी मला विचारले, "आरं, तोफा लांबनं मारत्यात म्हणं, मग पोरांस्नी डोंगूर कशापायी चढायला लावत्यात?"

तेव्हा मला उत्तर देता आले नाही. पुढे वाचत गेलो तेव्हा कळले, की मावशींच्या त्या एका प्रश्नात आपल्या संरक्षण खरेदीचा सारा इतिहास दडलेला आहे.

साधा तोफगोळा एकदा नळीतून सुटला, की तो वारा, हवेचा दाब आणि नळीची झीज यांच्या स्वाधीन असतो. वीस-पंचवीस किलोमीटरवर तो लक्ष्यापासून शंभर मीटर किंवा त्याहूनही दूर पडू शकतो. मैदानात हे चालून जाते. शिखराच्या धारेवरच्या खंदकाला मात्र असा गोळा चुकतो आणि मागच्या दरीत जातो. म्हणून कारगिलमध्ये आपल्या तोफखान्याला अडीच लाखांवर गोळे, बॉम्ब आणि अग्निबाण डागावे लागले. बोफोर्स तोफांनी वाट मोकळी केली हे खरेच. पण शेवटचा चढ जवानांनाच चढावा लागला. त्या युद्धात ५२७ जवान कामी आले.

नेम साधणारा गोळा वेगळा असतो. रशियाचा 'क्रास्नोपोल' लेसर किरणांच्या खुणेवर जातो. पण त्यासाठी कोणीतरी पुढे राहून लक्ष्यावर तो किरण रोखून धरावा लागतो, आणि ढग-धूर आडवे आले की पंचाईत. अमेरिकेचा 'एक्सकॅलिबर' उपग्रहाच्या संकेतांवर वाट काढतो आणि लक्ष्याच्या काही मीटरांत पडतो. आपण तो २०१९ मध्ये तातडीच्या खरेदीतून घेतला. किंमत साध्या गोळ्याच्या कितीतरी पट. शिवाय युक्रेनच्या युद्धात रशियाने उपग्रहाचे संकेत जॅम केले, तेव्हा या महागड्या गोळ्याचाही नेम ढळला. म्हणजे हाही काही रामबाण नव्हे.

तरीही माझी तक्रार किमतीबद्दल नाही, 'तातडीची' या शब्दाबद्दल आहे. पाहुणे दारात आल्यावर वाण्याकडे धावणारी गृहिणी दोन पैसे जास्तच मोजते. आपण तर तीस वर्षे चूलच पेटवली नव्हती. मार्च १९८६ मध्ये ४१० बोफोर्स तोफांचा करार झाला, १९८७ मध्ये दलालीचे प्रकरण गाजले आणि त्यानंतर २०१६ मध्ये एम-७७७ तोफांचा करार होईपर्यंत नव्या मोठ्या तोफेची खरेदी झालीच नाही. त्याच बोफोर्स कराराबरोबर तोफ देशात बनवण्याची कागदपत्रे आपल्याला मिळाली होती. ती वर्षानुवर्षे धूळ खात पडली. त्यांच्या आधारे जबलपूरला घडलेली 'धनुष' तोफ लष्कराच्या हाती पडायला २०१९ साल उजाडले.

साध्या गोळ्यांची अवस्थाही फार निराळी नव्हती. चाळीस दिवसांच्या युद्धाला पुरेल एवढा साठा असावा असा दंडक होता. मार्च २०१३ मध्ये दारूगोळ्याच्या निम्म्या प्रकारांचा साठा दहा दिवसांहूनही कमी होता, असे महालेखापरीक्षकांनी २०१५ च्या अहवालात नोंदवले. त्यावर चार दिवस गदारोळ झाला आणि मग सारे शांत झाले.

लाचखोरीला शासन झालेच पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण शिक्षा माणसांना व्हावी, तोफांना नव्हे. सही करण्याच्या भीतीने फाईल पुढे सरकत नाही, तेव्हा तिची किंमत टेबलामागचा अधिकारी देत नाही; ती डोंगरावरचा जवान देतो.

समाधानाची गोष्ट ही, की उत्तर शोधण्याची साधने महाराष्ट्रातच आहेत. पुण्याच्या पाषाण भागातल्या 'एआरडीई' या संस्थेने 'पिनाक' घडवला आणि त्याच्या नेमबाज आवृत्तीच्या चाचण्या यशस्वी केल्या. तिथेच आराखडा झालेल्या नव्या लांब पल्ल्याच्या ३०७ तोफांचा करार मार्च २०२५ मध्ये झाला. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे. सरकारी कारखान्यांची 'म्युनिशन्स इंडिया' ही कंपनी मद्रासच्या आयआयटीबरोबर नेम साधणारा १५५ मिलिमीटरचा देशी गोळा तयार करण्याच्या कामाला लागली आहे. या कामाला पैसा, चाचणीसाठी मैदाने आणि खात्रीची मागणी दरवर्षी मिळाली पाहिजे. संकट आले की नव्हे. आणि किती मिळाले, याचा हिशेब संसदेत आपल्या खासदाराने मागितला पाहिजे.

मावशींचा मुलगा सुखरूप परतला. पुष्कळांचे तसे झाले नाही. आज त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे: मावशी, शिखर ताब्यात घ्यायला कोणीतरी चढावेच लागते, पण गोळा नेमका पडला, तर चढणाऱ्यांपैकी जास्तीची पोरे घरी येतात. ज्या गावाचे पोट कुंकवावर चालते, त्या गावाला हा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागत नाही.