ताट कोण उचलणार?

आमची लेक आठवीत वर्गाची मॉनिटर झाली आणि मी शेजारीपाजारी पेढे वाटले. पण या मॉनिटरबाईंना सकाळी तीनदा हाका मारून उठवायचं मीच, दप्तर भरायचं मीच आणि जेवलेलं ताटही उचलायचं मीच! फळ्यावर इतरांची नावं लिहिणं म्हणजेच नेतृत्व, असं तिला वाटलं तर चूक कुणाची?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहायची, स्वयंपाकपाणी, झाडलोट स्वतः करायची. या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. माया एवढी, पण कामातून सूट नाही!

आणि मी? मायेपोटी लेकीची शिस्तच काढून घेत होते. गेल्या महिन्यात हाका मारणं बंद केलं. पहिल्याच आठवड्यात दोनदा बस चुकली, रडारड झाली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, उठव की पोरीला!" मी मन घट्ट केलं. आता गजर तीच लावते. परवा वर्ग झाडायचा होता, तर म्हणे पहिला झाडू मॉनिटरनंच हातात घेतला. मग बाकीच्या आपोआप उठल्या.

मैत्रिणींनो, आज रात्री जेवणं झाली की जरा बसून राहा. ताटं कोण उचलतंय, बघा तरी! आणि घरात मुलगा असेल, तर जरा जास्तच वेळ बसा.