मालिकांतून कोण काय उचलतं

‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ही हिंदी मालिका २००० साली सुरू झाली, तेव्हा अनेक जाणत्यांनी नाकं मुरडली. भरजरी साड्या, कटकारस्थानं आणि संस्कारांचे डोस. अशा मालिका बायकांना मागे नेणार, असं सर्रास बोललं गेलं.

रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थतज्ज्ञांना मात्र वेगळंच चित्र दिसलं. बिहार, गोवा, हरियाणा, तमिळनाडू आणि दिल्ली इथल्या ग्रामीण बायकांची २००१ ते २००३ या काळातल्या पाहणीतली उत्तरं त्यांनी तपासली. प्रश्न रोजच्या जगण्यातले होते. बायको न सांगता घराबाहेर गेली किंवा तिचा स्वयंपाक बिघडला, तर नवऱ्यानं तिला मारणं योग्य आहे का? बाजारात जायला परवानगी लागते का? ज्या गावांत त्या काळात केबल पोचली, तिथे मारहाण योग्य मानणाऱ्या बायका घटल्या. मुलगाच हवा हा हट्ट सैलावला, बायकांना मोकळीकही थोडी वाढली. २००९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

केबलवरच्या मालिकांची शिकवण जुनाटच होती. पण त्यांतल्या शहरी बायका शिकलेल्या होत्या, एकट्या बाहेर पडत होत्या. रोज रात्री तेच दिसत राहिलं, की त्याचं नवल उरत नाही. परिणाम होतो तो असा, नकळत.

पडद्याची हीच ताकद उलटही फिरते. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात दोन महिलांचा पिच्छा पुरवणाऱ्या भारतीय तरुणाच्या बचावात वकिलानं हिंदी सिनेमाचा दाखला दिला, आणि त्याचा तुरुंगवास टळला. त्या महिलांनी सोसलेल्या भीतीपुढे हा बचाव संतापजनक वाटतो. तरी त्यातला संदर्भ खोटा नाही. कॉलेजच्या फाटकापासून नायिकेच्या घरापर्यंत मागे लागणारा नायक, तिचा नकार आणि मध्यंतरानंतर तिचा होकार, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या शिट्ट्या वाजवत पाहिलं आहे.

पडद्यावर सिगारेट पेटली की खाली इशाऱ्याची पट्टी झळकते. म्हणजे परिणाम होतो, हे सरकारनंच मान्य केलं आहे. पाठलागाला अशी पट्टी लावून भागणार नाही, बंदीनं तर नाहीच. काम लेखकांचं आहे: ‘नाही’ ऐकल्यावर नायकाला माघारी वळवायचं आणि तरीही गोष्ट रंगवायची. वाहिन्यांनी आणि निर्मात्यांनी त्यांना तेवढी मुभा द्यायला हवी.