झाकल्या मुठीचा भाव

जेऊर परिसरातला शेतकरी ऊस कारखान्याच्या काट्यावर मोजून देतो, उजनीच्या फुगवट्यावर पिकवलेली केळी किलोच्या दराने विकतो, आणि गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट, 8.5 एसएनएफला धरून निघतो हे त्याला तोंडपाठ असतं. तीच गाय विकायची वेळ आली की मात्र मोजमाप संपतं. सोलापूर जिल्ह्यात सांगोल्याचा रविवारचा बाजार आहे, कार्तिकीला पंढरपूरजवळ वाखरीला भरणारा बाजार आहे. पण अशा कित्येक जनावरांच्या बाजारांत भाव अजूनही टॉवेलखाली ठरतो. दलाल व्यापाऱ्याची बोटं धरतो, दाबतो, सोडतो. पलीकडच्या दावणीला तशीच गाय घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ही किती रुपयांना गेली ते कळत नाही. ही रीत थांबली पाहिजे. जनावराचा सौदा तोंडाने बोलून व्हावा आणि त्याचा आकडा त्याच दिवशी बाजाराच्या फलकावर लागावा.

याला पहिलं उत्तर ठरलेलं असतं: जनावर म्हणजे कांदा नव्हे, प्रत्येकाचा गुण वेगळा. गुण वेगळा असतो हे खरंच आहे. पण कांद्याच्या दोन ढिगांतही फरक असतो, आणि तो पाहूनच सोलापूरच्या आवारात उघड बोली लागते. जनावराची प्रतवारी तर बाजारातल्या बोलण्यातच तयार आहे: जात, दात, कितवं वेत, गाभण की दुभती, दूध किती लिटर. दोन दाती खिलार खोंड म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नेमकं जनावर उभं राहतं. इंग्लंडमध्ये 1887 च्या कायद्याने गुरांच्या बाजारांत वजनकाटे ठेवणं बंधनकारक झालं, आणि 1891 मध्ये ठरावीक बाजारांकडून वजन आणि किमतीचे आकडे सरकार मागवू लागलं. तिथली गुरंही एकसारखी नव्हती. आपल्याकडे 1928 च्या शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजारांचा आग्रह धरला, पुढे 1939 चा मुंबई प्रांताचा आणि 1963 चा महाराष्ट्राचा बाजार कायदा आला. धान्याला, कांद्याला त्यातून उजेड मिळाला. गोठ्यातली सगळ्यांत महाग वस्तू अंधारातच राहिली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो झटकून टाकणं बरोबर नाही. जनावर बहुतेकदा अडचणीत विकलं जातं. चारा संपलेला असतो, लग्न किंवा दवाखाना समोर असतो. किती पैसे हातात आले हे चारचौघांत कळू नये असं माणसाला वाटतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण याच भावनेतून आली आहे. पण ही मूठ कुणाची झाकलेली राहते ते पाहा. व्यापारी दर आठवड्याला पाच-पन्नास सौदे करतो, त्याला सगळे भाव ठाऊक असतात. शेतकरी वर्षा-दोन वर्षांतून एकदा बाजार चढतो. गुप्ततेने त्याची अब्रू राखली जाते त्याहून जास्त त्याचं अज्ञान राखलं जातं. शिवाय फलकावर नाव लिहायची गरजच नाही. जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला असतो, आणि 1 जून 2024 पासून राज्यात बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्रीला मनाई आहे. बिल्ला, वर्णन आणि रक्कम, एवढं पुरे.

दलालाचं काय, असंही विचारलं जाईल. त्याची पारख खरी असते. खोड निघाली तर मध्यस्थी तोच करतो, उधारीला जामीनही तोच राहतो. या कामाचा मोबदला त्याला मिळावा, पण उघड मिळावा. लिलाव सक्तीचा करावा असं मी म्हणत नाही. चार व्यापारी संगनमत करून लिलावही पाडू शकतात. दोघांत सौदा होऊ द्या, फक्त तो ऐकू येऊ द्या. पावती होते, मग वेगळं काय हवं, हा प्रश्नही इथेच निकाली निघतो: फी वाचवायला पावतीवर कमी रक्कम लिहिण्याचा मोह दोन्ही बाजूंना होतो, पण चारचौघांच्या कानावर गेलेला आकडा कागदावर बदलणं अवघड आहे.

नोंद नसल्याची किंमत अलीकडे पुन्हा पुन्हा मोजावी लागली आहे. 2022 मध्ये लम्पीत दगावलेल्या गाईला 30,000, बैलाला 25,000 आणि वासराला 16,000 रुपये मदत ठरली. पाच लिटरची गाय असो की वीस लिटरची, रक्कम तीच. वाढीव मागायला बाजारभावाचा कागद कुणाकडे होता? मार्च 2015 पासून राज्यात बैल आणि वळूंच्याही कत्तलीला बंदी आहे. म्हाताऱ्या बैलाला त्यानंतर किती भाव उरला, यावर दोन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि दोघांकडेही भावाची सलग मालिका नाही. 2019 च्या पशुगणनेत देशातली नर गोवंशाची संख्या सुमारे तीस टक्क्यांनी घटलेली दिसली. पण गणना डोकी मोजते, भाव नाही. फलक लावल्याने म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक मिळणार नाही, हे मान्य. त्याच्या मालकाचा तोटा किती, हे मात्र दाखवता येईल.

आज उघड होणारे भाव एकाच प्रकारचे असतात. डिसेंबर 2021 मध्ये बैलगाडा शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाल्यापासून लाखोंना विकलेल्या शर्यतीच्या बैलाची बातमी फोटोसह छापून येते. ती वाचून खिलार पाळणाऱ्याला वाटतं, आपल्या दावणीलाही सोनं बांधलं आहे. आणि बाजारात साध्या औताच्या बैलाला मिळणारा भाव ऐकून तो खचतो. या दोन टोकांमधले शेकडो सौदे दर आठवड्याला होतात. ते लिहायला बाजार समितीला एक फळा, एक खडू आणि दुपारपर्यंत तिथे उभा राहणारा एक माणूस लागेल.