पडद्यावर तलवार दिसते, रसद दिसत नाही

१/ मार्च २०२५मध्ये मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, असीरगडाच्या परिसरात, गावकरी रात्री टॉर्च घेऊन शेते खणू लागले. ‘छावा’ चित्रपटात मुघलांचा बुऱ्हाणपूरचा खजिना दाखवला होता. तेव्हा इथे सोने पुरलेले असणारच, अशी वदंता पसरली. आजचा धागा ऐतिहासिक चित्रपट आणि मालिकांविषयीच्या माझ्या मतांचा आहे, आणि त्याचा आरंभ या खड्ड्यांपासूनच करणे मला योग्य वाटते.

२/ १६८१च्या आरंभी मराठ्यांनी बुऱ्हाणपूरवर छापा घातला, हे खरे. हंबीरराव मोहिते यांच्या नेतृत्वाखालील फौजेने तटाबाहेरील बहादूरपुरा आणि इतर पुरे लुटले आणि लूट घेऊन ती बागलाणातील साल्हेरच्या दिशेने निघून गेली. म्हणजे जे सोने हाती लागले, ते मराठे सोबत घेऊन गेले. साडेतीन शतकांनंतर त्याचा शोध शेतात घेतला गेला, कारण लोकांनी चित्रपट पाहिला होता, छाप्याची हकीकत वाचली नव्हती.

३/ ‘चित्रपट म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे’ हा बचाव मला मान्य आहे. दिग्दर्शकाने कल्पनेचा आधार घेऊ नये, असे मी म्हणणार नाही. दोन माणसे बंद दाराआड काय बोलली, याची नोंद कोणत्याही दफ्तरात नसते. तिथे लेखकाला संवाद रचावाच लागतो. माझी तक्रार निराळी आहे. आपले बहुतेक ऐतिहासिक चित्रपट जे रचतात त्यापेक्षा जे वगळतात, ते अधिक नुकसान करते.

४/ ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) पाहा. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’ या कादंबरीवर बेतलेला हा चित्रपट देखणा आहे. त्यातील वेशभूषा, प्रकाशयोजना आणि अभिनय यांना मी मनापासून दाद देतो. परंतु त्यातला बाजीराव स्मरणात राहतो तो बाणांच्या वर्षावात बेभान धावणारा योद्धा म्हणून. खऱ्या बाजीरावाची थोरवी नेमकी याच्या उलट होती. नको ती लढाई टाळणे, ही त्याची कला होती.

५/ पालखेड, फेब्रुवारी १७२८. निजामाजवळ मोठा तोफखाना होता आणि तोफखान्यामुळे येणारी मंद चालही होती. बाजीरावाने आपले हलके घोडदळ दूरवर फिरवले, निजामाला मागे ओढले, तोफखान्यापासून तोडले आणि अखेर पाणी व दाणागोटा यांच्या वाटा बंद केल्या. मोठी हातघाई न होताच निजाम कोंडला गेला. ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. पुढे ब्रिटिश सेनानी माँटगोमेरी यानेही या मोहिमेची प्रशंसा केली.

६/ आता विचार करा, हे पडद्यावर कसे दाखवणार? घोड्यांच्या टापा, रिकाम्या पखाली, नकाशावर सरकणारे बोट, शत्रूच्या छावणीत वाढत जाणारी अस्वस्थता. कठीण आहे, पण अशक्य नाही. मात्र आपल्या चित्रपटांना शौर्याची एकच खूण ठाऊक आहे: एकटा वीर आणि भोवती शंभर शत्रू. त्या खुणेत पालखेड बसत नाही, म्हणून ते बाहेर राहते. परिणामी बाजीराव लोकांना प्रेमी म्हणून ठाऊक होतो, सेनापती म्हणून अनोळखीच राहतो.

७/ ‘पानिपत’ (२०१९) या चित्रपटाकडून माझी अपेक्षा मोठी होती. आशुतोष गोवारीकरांचा हेतू प्रामाणिक वाटतो. पण पानिपत ही मुळात भुकेची कथा आहे. यात्रेकरू, बायकामुले आणि बाजारबुणगे यांसह प्रचंड जमाव कित्येक आठवडे अडकून पडला. शत्रूची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६०मध्ये मारले गेले आणि उत्तरेतून येणारी मदत आटली. १४ जानेवारी १७६१ रोजी सैन्य बाहेर पडले, कारण छावणीत उपाशी मरण्यापेक्षा रणात मरणे बरे, असा निर्णय झाला होता.

८/ चित्रपटात ही उपासमार प्रसंगापुरती येते. युद्धाचे कारण म्हणून ती आपल्यावर चालून येत नाही. शिवाय सूरजमल जाटाच्या चित्रणावरून राजस्थानात निदर्शने झाली आणि चित्रपटाला कात्री लागली. मला तो राग समजतो. ज्या राजाने पानिपतानंतर जीव वाचवून आलेल्या मराठ्यांना आश्रय आणि अन्न दिले, तो प्रेक्षकांच्या मनात सौदेबाज म्हणून उरावा, ही कृतघ्नता आहे. आपल्या पूर्वजांनी खाल्लेल्या अन्नाची आठवण ठेवणे, हाही इतिहासच होय.

९/ ‘तान्हाजी’ (२०२०) हा तंत्रदृष्ट्या चोख चित्रपट आहे. तरी ‘नागीण’ तोफेची आणि रानटी उदयभानाची गरज का पडावी? १६६५च्या पुरंदरच्या तहात महाराजांना तेवीस किल्ले आणि चार लक्ष होनांचा मुलूख द्यावा लागला. आग्र्याहून परतल्यावर त्यांनी घाई केली नाही. राज्याची घडी बसवली आणि १६७०मध्ये एकेक किल्ला परत घ्यायला सुरुवात केली. सिंहगड हा त्या दीर्घ तयारीचा पहिला मोठा घाव होता. पुढच्याच महिन्यात पुरंदरही परत आला.

१०/ ही पार्श्वभूमी दाखवली असती, तर तानाजी मालुसऱ्यांचे बलिदान लहान झाले असते का? मला वाटते, ते अधिकच मोठे झाले असते. आपण कोणत्या योजनेचा भाग आहोत, हे जाणून मरणाला सामोरा जाणारा माणूस हा केवळ सूडापोटी लढणाऱ्या माणसाहून थोर असतो. शत्रूला राक्षस केले की आपला वीर मोठा होतो, हा समज मुळातच चुकीचा आहे. बलाढ्य, शिस्तबद्ध आणि बुद्धिमान शत्रूला हरवण्यातच मोठेपण असते.

११/ हे पडद्यावर साधता येते, याचे प्रमाण १९८८ सालचेच आहे. श्याम बेनेगलांच्या ‘भारत एक खोज’ या त्रेपन्न भागांच्या दूरदर्शन मालिकेत नसीरुद्दीन शाह यांनी शिवाजी महाराज साकारले आणि ओम पुरी यांनी औरंगजेब. साधे नेपथ्य, थोडके सैनिक. पण दोन्ही बाजूंना विचार होता. मालिकेतला औरंगजेब भयंकर वाटतो, कारण तो विचार करताना दिसतो. सूत्रधाराचा आवाज अधूनमधून आठवण देतो की, हे एक आकलन आहे.

१२/ त्याहून जुने उदाहरण प्रभातच्या ‘रामशास्त्री’चे (१९४४). नारायणराव पेशव्यांचा १७७३मधील खून हा विषय. पण चित्रपटाचा नायक तलवार उचलत नाही. सत्ताधीशाला देहान्त प्रायश्चित्त सांगणारा एक न्यायाधीश, एवढ्यावर सारा ताण उभा राहतो. गजानन जागीरदारांचा रामशास्त्री पाहिलेल्या माणसाला ‘इतिहासात नाट्य आणायला मारामारी लागते’ हे पटणार नाही.

१३/ आणि परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९). घरातले सामान विकणारे फाळके, चित्रीकरणाला हातभार लावणाऱ्या सरस्वतीबाई, तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना म्हणून निवडलेला आचारी साळुंके. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित होईपर्यंत प्रत्येक गोष्ट कशी जमवली, हे तो हसतखेळत दाखवतो. पैसा कुठून आला, जेवण कोणी शिजवले, काम कोणी शिकवले: हीच ती रसद. तो चित्रपट कंटाळवाणा झाला, असे कोणी म्हणेल का?

१४/ पुन्हा ‘छावा’कडे. संभाजी महाराजांच्या मृत्यूची यातना पाहून चित्रपटगृहात लोक रडले. त्या अश्रूंची मी थट्टा करणार नाही. पण त्यांच्या कारकिर्दीचे मोल केवळ अखेरच्या दिवसांत नाही. मुघल, जंजिऱ्याचे सिद्दी आणि गोव्याचे पोर्तुगीज यांच्याशी एकाच वेळी झुंजत त्यांनी राज्य चालवले. नाशिकजवळचा छोटासा रामसेज किल्ला १६८२पासून काही वर्षे मुघली वेढ्याला दाद देत नव्हता. आत धान्य किती होते, दारूगोळा कसा पुरवला, किल्लेदाराने माणसांचा धीर कसा टिकवला? केवळ रामसेजवर एक उत्तम मालिका होऊ शकते.

१५/ तेव्हा चित्रपट अवश्य पाहा. मालिकांमुळे आणि चित्रपटांमुळे गडावर जाणारी, बखरी उघडणारी मुले मी पाहिली आहेत. हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. फक्त तीन प्रश्न सोबत न्या. या सैन्याला जेवू कोण घालत आहे? शत्रूचा विचार मला कळला का? आणि हा प्रसंग कागदातून आला की कादंबरीतून? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘कादंबरीतून’ असले, तरी आनंद घ्यायला हरकत नाही. मात्र कुदळ घेऊन शेतात जाऊ नका.

१६/ तुमच्या मते इतिहासातील कोणती घटना पडद्यावर कधीच नीट आली नाही? प्रतिसादात जरूर लिहा. शक्य असल्यास साधनही नमूद करा. आणि माझे एखादे मत पटले नसेल, तर तेही मोकळेपणाने मांडा. पुढचा धागा पालखेडच्या मोहिमेवर असेल, नकाशासह.